गोड सोडलेला गुळव्या

भूपाल आण्णांच्या तोंडात चॉकलेटचा तुकडा मी घातला. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन चॉकलेटचा कारखाना बघायला गेलो होतो, तेव्हा. त्यानंतर पाच महिने मी त्यांच्यासमोर गेलो नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना मला काही ठाऊक नाही असं सांगत राहिलो. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी आण्णांविषयी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, याचा या माणसावर किती जीव. जीव होताच. पण त्यानं माझा हात काही अडला नाही.

शाहूपुरीत माझा पुठ्ठ्याची खोकी छापून देण्याचा व्यवसाय आहे. मिठाईची, चपलांची, साड्यांची. गडमुडशिंगीच्या अलीकडे वृषाली नावाच्या मुलीनं पत्र्याच्या शेडमध्ये चॉकलेटचा छोटा कारखाना काढला, तेव्हा तिची खोकीही माझ्याकडे आली. कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत कोकोचे दाणे भाजायची आणि दळायची यंत्रं. दुसरी गार ठेवलेली, आणि तिच्या मधोमध काळ्या ग्रॅनाइटची, जेवणाच्या टेबलाएवढी फरशी. काम करायला पाच बायका, स्वतः वृषाली, आणि भूपाल आण्णा.

आण्णा मूळचे गुळव्या. गुऱ्हाळात मोठ्या काहिलीत उसाचा रस कढत असतो, तेव्हा ती काहिल चुलवाणावरून नेमकी कधी उतरवायची हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशिरा उतरवली तर काळा पडतो. मधला जो क्षण असतो तो त्याला दिसतो, इतरांना दिसत नाही. आसपासची गुऱ्हाळं बंद पडत गेली तसे आण्णा साठीनंतर घरी बसले होते. वृषाली तिच्या चॉकलेटात साखरेऐवजी गूळ घालते, आणि आजऱ्याचे काजू. तो गूळ पोचवायला ते एकदा टेम्पोत बसून आले.

त्या दिवशी वृषाली रडकुंडीला आली होती. तिचं चॉकलेट साच्यात ओतलं की दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट बुरा यायचा. तोडायला गेलं तर कट्‌ असा आवाज न होता ते मऊ वाकायचं. तिनं बाहेरगावी जाऊन शिक्षण घेतलेलं, किती अंशावर काय करायचं हे सगळं पाठ. तरी चार दिवसांचा माल वाया गेला होता. आण्णांनी दारातूनच फरशीकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, ह्यो बी गुळच हाय की. काळा गूळ. ह्याला रवा धराय टाइम दे. तू वतायची लई घाई करतीयास."

मग त्यांनी दोन दिवस नुसतं बघू द्या असं सांगितलं. दोन दिवस हात मागे बांधून त्या फरशीपाशी उभे राहिले, जेवायला तेवढे हलले. तिसऱ्या दिवशी हात धुऊन दोन्ही हातांत दोन रुंद पाती घेतली. चौथ्या दिवशी सकाळी वृषालीनं वडी मोडली तर ती सुक्या काटकीसारखी वाजली. हे मला वृषालीनं सांगितलं. सांगताना तिनं खरोखरच एक वडी मोडून दाखवली.

मी नंतर ते काम कितीदा तरी बघितलं. खोकी उतरवून झाली की काहीतरी निमित्त काढून मी काचेपलीकडे थांबायचो. कढत चॉकलेट फरशीवर ओतलं की ते चहूकडे पळायला लागायचं. आण्णा त्याला घाईनं अडवायचे नाहीत. ते कडेपर्यंत जाऊ द्यायचे आणि अगदी काठावरून एका पात्यानं आत वळवायचे. पसरायचे, गोळा करायचे, पुन्हा पसरायचे. पात्याचा आवाज आधी ओला असायचा, मग हळूहळू त्याला धार यायची. आण्णा मान थोडी कलती करून तो आवाज ऐकत असायचे. मग एका पात्याच्या टोकानं थेंबभर चॉकलेट डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावायचे आणि थांबायचे. मग ते आकडा सांगायचे. "एकतीस." वृषाली तापमापक लावायची. एकतीस, फार तर वर पॉइंट दोन. तापमापकाला आण्णा मास्तर म्हणायचे. पॉइंट दोन आले की म्हणायचे, "मास्तर जरा चढवून बोलतोय." आणि मनगट ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे.

मनगटालाच लावायचे. ओठाला कधी नाही.

आण्णा उंच, वाळलेले. पांढरा पायजमा आणि सदरा, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सकाळी देवळात जाऊन आल्याशिवाय कामाला हात लावत नसत. घरून गाळलेलं पाणी तांब्याच्या तांब्यात आणायचे आणि दिवसभर तेच प्यायचे. सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यामुळे साडेपाचला काहीही असलं तरी ते निघत. कुणी भेटलं की आधी जय जिनेंद्र, मग बाकीचं. बोलणं मात्र आमच्या कोल्हापूरचं, सरळ अंगावर येणारं.

माझी आणि त्यांची पहिली भेट अशीच झाली. नव्या खोक्यांचा नमुना घेऊन मी गेलो होतो. छपाई फार सुंदर उतरली होती, मी स्वतःवर खूश होतो. आण्णांनी खोकं हातात घेतलं, चित्राकडे बघितलंही नाही, उघडून नाकाला लावलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "शाईचा वास येतोय. आठ दिवसांत ह्यो वास आमचा माल पिऊन टाकंल. न्या परत." मी म्हटलं, अहो, पंचवीस वर्षं खोकी करतोय, आजवर कुणी वास घेतलेला नाही. आण्णा म्हणाले, "चपलांनी कशाला वास घ्यावा, पावणं?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वृषालीनं वाद नको म्हणून एक वडी माझ्या खोक्यात ठेवली आणि एक बाहेर डब्यात. आठवड्यानं तिनं मला बोलावून दोन्ही खायला दिल्या. खोक्यातली खाताना मला माझ्या छापखान्याच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी शाई बदलली. चॉकलेटची खोकी आता पंधरा दिवस उघड्यावर वारा देऊन मगच पाठवतो. तो नियम मी पुढे मिठाईवाल्यांनाही लावला, आणि त्याचं श्रेय मी स्वतःकडे घेतलं.

आता पेढ्याचं सांगतो, कारण माझा गुन्हा तिथून सुरू होतो.

माझी मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा मी कारखान्यात पेढे घेऊन गेलो. सगळ्यांनी घेतले. आण्णांनीही घेतला, कपाळाला लावला आणि शेजारच्या बाईच्या हातावर ठेवला. मला जरा लागलं. माझा चेहरा त्यांना कळला असावा. बाहेर नळावर हात धुता धुता त्यांनी मला थांबवून सांगितलं.

ते सव्वीस वर्षांचे असताना गावात एका महाराजांचा चातुर्मास होता. चातुर्मासात लोक काहीतरी सोडतात. कुणी मीठ, कुणी तेल, कुणी तूप. आण्णांनी महाराजांना विचारलं, मी काय सोडू? महाराजांनी उलट विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय आवडतं? आण्णा म्हणाले, काहिलीतनं काढलेला गरम गूळ. महाराज नुसते बघत राहिले. गुळव्यानं गूळ सोडायचा म्हणजे काय, हे त्या दोघांनाही कळत होतं. आण्णांनी त्या दिवशी गोड सोडलं. चार महिन्यांसाठी नाही, जन्मासाठी.

पहिल्या महिन्यात त्यांनी दोन काहिली बिघडवल्या. आजवर ते काकवीचा थेंब जिभेवर घेऊन ठरवायचे आणि आता जीभच नव्हती. मालकानं काढून टाकायची भाषा केली. मग हळूहळू बाकीचं जागं व्हायला लागलं. बुडबुड्यांचा आवाज बदलतो तो ऐकू यायला लागला. वाफेचा वास आधी कच्च्या उसाचा असतो, मग भाजक्या दाण्यासारखा होतो, तो कळायला लागला. तिसऱ्या महिन्यापासून त्यांची एकही काहिल चुकली नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मोहनराव, जीभ लई लबाड. तिला आवडलं की समदं बरोबर हाय म्हणती. तिला गप बसवली, तवा मला दिसाय लागलं."

चाळीसहून जास्त वर्षं. जगातला कुठलाच गोड पदार्थ न चाखता हा माणूस गोडाचा शेवटचा शब्द होता. त्या दिवशी घरी परतताना मी गाडी हळू चालवली होती. एवढं मोठं काही मी कुणाच्या तोंडून इतक्या साधेपणानं ऐकलं नव्हतं.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. त्यांच्याच तोंडून, कारणासकट.

दिवाळीत माझा मेहुणा राजेंद्र पुण्याहून बायको आणि दोन मुलांना घेऊन आला. तो शिकलेला, मोठ्या नोकरीत. मनानं चांगला आहे पण टोमणा मारल्याशिवाय त्याचं वाक्य संपत नाही. कोल्हापुरात बघायला आहे काय, हे सगळं बघून झालंय, असं तो म्हणाला. मी म्हटलं, चल, तुला एक माणूस दाखवतो. गाडीत सारी वाट मी आण्णांच्या हाताचीच स्तुती करत होतो, गोड सोडल्याचं तेवढं बोललो नाही. शेवटी माझी बायको सुनीता म्हणाली की तिथं पोचेपर्यंत त्यांना देवळात बसवू नका.

कारखान्यात आम्ही सगळ्यांनी डोक्याला जाळीच्या टोप्या घातल्या आणि आत गेलो. वृषालीनं मुलांना कोकोची फळं फोडून दाखवली, दाणे चावायला दिले. ते कडू लागल्यावर पोरांनी तोंडं वाकडी केली. मग फरशीची खोली, तिथं चाखायला ताटलीत तयार चॉकलेटचे तुकडे ठेवलेले. आण्णांनी चॉकलेट ओतलं आणि पाती चालायला लागली तशी पोरं पुढे सरकली. राजेंद्रही टोमणा विसरला. आण्णांनी मनगटाला थेंब लावला, थांबले, म्हणाले, "एकतीस." मुलांनी मास्तर लावून बघितलं. बरोबर एकतीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी राजेंद्रकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू आकडा मीच सांगितला होता.

वृषालीचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली, बायका पलीकडे यंत्रांच्या खोलीत होत्या. राजेंद्रनं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं आणि विचारलं, आजोबा, यातलं तुम्हाला कुठलं आवडतं? आण्णा पाती फिरवत म्हणाले, मी खात न्हाय. राजेंद्र हसला. "काय सांगता? बनवणारा खात नाही? दाजी, बघा हं, नक्की काय घालतात यात." पोरांच्या हातातले तुकडे तोंडापाशी थांबले.

मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पोरांनी ते जन्मभर लक्षात ठेवलं असतं. पण मेहुण्यानं पोरांसमोर माझ्या माणसाची चेष्टा केली होती, आणि मला तेवढंच दिसलं. आमच्याकडे पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढतात. त्यानं हात आडवा धरला तर हातावर वाढतात, आणि त्यालाच प्रेम म्हणतात. मी लहानपणापासून असाच वाढलो आणि अशीच माणसं जेवू घातली. आण्णा माझा शब्द मोडत नाहीत हे मला दाखवायचं होतं. त्यांच्या दोन्ही हातांत पाती होती, हात कोपरापर्यंत चॉकलेटनं भरलेले. मी ताटलीतला तुकडा उचलला, "आण्णा, माझ्याखातर एक," असं म्हटलं, आणि त्यांच्या ओठांत सरकवला.

सगळे हसले. आण्णांनी डोळे मिटले. काही क्षण पाती थांबली होती. मग त्यांचा गळा हलला. त्यांनी डोळे उघडले, फरशीवरचं उरलेलं चॉकलेट गोळा केलं, साच्यांत ओतलं, साचे आपटून त्यातली हवा काढली. आकडा सांगितला नाही. हात धुतले, टोपी काढली, राजेंद्रच्या धाकट्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेले. तेव्हा दुपारचे तीनही वाजले नव्हते.

पंधरा दिवस ते कामावर आले नाहीत. वृषालीचा मला फोन आला. काका, त्या दिवशी मी बाहेर असताना काय झालं? कुणी काही बोललं का त्यांना? मी म्हटलं, नाही गं, वय झालंय त्यांचं. इतक्या सहज म्हटलं, की फोन ठेवल्यावर मला माझीच भीती वाटली.

नंतर तिच्याकडूनच तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. नियम मोडला म्हणून आण्णा महाराजांच्या दर्शनाला गेले होते. त्यांनी सांगितलेले उपवास करून परत आले. कसा मोडला, कुणामुळे, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. पण काम पहिल्यासारखं होईना. मनगटाला थेंब लावायचे आणि अडखळायचे. तीस म्हणायचे, मग एकतीस, मग म्हणायचे मास्तरला विचार. दोनदा मालावर पांढरा बुरा आला. वृषालीनं काळजीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "जीभ मधी बोलतीया. चाळीस वर्सं गप हुती."

हे ऐकल्यावर तरी मी जायला हवं होतं. मी खोकी टेम्पोवाल्याबरोबर पाठवू लागलो.

मार्चमध्ये एका लग्नात सुनीताला वृषाली भेटली आणि तिच्याकडून तिला आण्णांच्या नियमाचं कळलं. घरी आल्यावर तिनं फक्त एवढंच विचारलं की मला हे आधी माहीत होतं का. मी हो म्हटलं. तिनं साडीची पिन काढून डबीत ठेवली. मग म्हणाली, "सगळ्यांदेखत घातलात ना? मग सगळ्यांदेखतच सांगा." मी राजेंद्रला फोन केला. तो म्हणाला, दाजी, मला एकदा सांगायचं होतंत, मी कॅमेरा तिथंच बंद केला असता. त्याचा आवाज खरा होता. टोमणे मारणारा माणूस खरा निघाला आणि जीव लावणारा मी असा.

एप्रिलच्या एका दुपारी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. जेवणाची सुट्टी होती. बायका शेडच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या, वृषाली दारात उभी होती. आण्णांचं जेवण झालं होतं आणि ते नळापाशी पाती धूत होते. वृषालीनं हळूच सांगितलं की महिनाअखेर ते काम सोडताहेत, निपाणीला लेकीकडे राहायला जाणार आहेत. आण्णांनी मला बघून जय जिनेंद्र केलं. "या मोहनराव. लई दिसांनी."

मी तयारी करून गेलो होतो. पण तोंड उघडलं तेव्हा आलं ते वेगळंच. आण्णा, त्या दिवशी आमचा मेहुणा असा बोलला, पोरं होती, म्हणून मी... आण्णांनी हात वर करून मला थांबवलं. पाव्हण्याचं राहू दे म्हणाले. मग पाती नळाच्या कट्ट्यावर ठेवून ते तिथंच बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"तुमी घातलासा, व्हय. पर थुकाय मला कोण आडवं आलतं? हितं नळ हाय. चार पावलं. म्या थुकलो न्हाय." मग म्हणाले, "ग्वाड लागलं, मोहनराव. लई ग्वाड लागलं. डोळं मिटलं ते दुक्कानं न्हवं. तवा निम्मं माझं हाय. तुमी उगं झुरू नगा."

बायकांचे घास हातात राहिले. सुनीतानं मान खाली घातली. आणि मी, खरं सांगतो, क्षणभर सुटलो. ज्याच्यावर अन्याय केला त्यानंच माझं ओझं उचलायला हात पुढे केला होता, आणि मला ते द्यावंसं वाटलं. मग मी आण्णांकडे बघितलं. उपवासांनी आणखी वाळलेले, ओल्या हातांचे, पाच बायकांसमोर स्वतःच्या जिभेची चोरी कबूल करून स्वस्थ बसलेले. त्यांचं हेच रूप मला अजून दिसतं. त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "नाही आण्णा. तुमचं होतं ते तुम्ही महाराजांपाशी बोललात. माझं मी अजून कुणापाशीच बोललेलो नाही. तुमचा नियम मला माहीत होता, तुम्हीच मला सांगितला होता. मेहुण्यासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी तो मोडला. तुमचे हात अडकलेले आहेत हे बघून मोडला. वृषालीनं विचारलं तेव्हा तिच्याशी खोटं बोललो आणि दोष तुमच्या वयावर टाकला. यातलं निम्मं तुमचं नाही, सगळं माझं आहे. मला क्षमा करा."